परतीचं एकच तिकीट

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,



जिंतूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आपल्या खात्याच्या योजनांचे कागद तालुक्यातून निघतात तेव्हा त्यातले बरेचसे आधी माझ्या काचेवरून जातात. रेशनकार्ड दोन्ही बाजूंनी, आधार, डॉक्टरची चिठ्ठी, तपासणीचा रिपोर्ट. कोणाच्या घरात काय शिरलंय ते कधी कधी त्या घराच्या आधी मला कळतं, कारण रिपोर्टवरचं इंग्रजी मी वाचतो आणि समोरचा माणूस माझं तोंड वाचत असतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक रिपोर्ट काचेवर ठेवला आणि झाकण लावायचं राहून गेलं. तो माझ्या आत्याचा होता.

आत्या अडुसष्ट वर्षांची. गावात एकटी राहते, मुलगा चाकणला कंपनीत आहे. तिच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांसारखी सकाळी मिश्री लावणारी. गालाच्या आतल्या बाजूला एक फोड तीन महिने बरा होत नव्हता, तर ती म्हणत राहिली, दाताचं असंल. दाताचं नव्हतं. मग रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, मुंबई, एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन. ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला, आमच्या खिशातून एक रुपया गेला नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून आपला असा समज व्हायला नको की मी योजनेला नावं ठेवायला बसलोय. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे आमच्या परभणी जिल्ह्यात आली तेव्हापासून तिचे कागद मी काढतोय. आता तर सगळ्याच रेशनकार्डांना ती लागू आहे आणि मर्यादा पाच लाखांची आहे. माझ्या डोळ्यांसमोर तिने माणसं वाचवलीत.

माझं म्हणणं तिच्यातल्या एका ओळीबद्दल आहे. पॅकेजमध्ये काय काय येतं त्याची यादी असते. औषधं, तपासण्या, भरती रुग्णाचं जेवण, आणि शेवटी प्रवासखर्च. रुग्णालयातून घरी जाण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं, एकदा. मुंबईहून निघताना ते आम्हाला मिळालं, खोटं कशाला बोलू. आत्याने नोट हातात घेऊन विचारलं, हे कशाचं? घरी जायचं, म्हटलं. तिला फार कौतुक वाटलं. सरकारनं लेकीला वाटखर्ची दिल्यागत दिलं, असं ती गावभर सांगत होती.

ही ओळ ज्यांनी लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच रुग्ण असावा, भरती होणारा, ऑपरेशन करून घेणारा, टाके सुकले की घरी जाणारा. असा माणूस एकदा येतो आणि एकदा जातो. पण कॅन्सरचा रुग्ण ऑपरेशन संपल्यावर खरा प्रवासाला लागतो. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता तीस दिवस किरणं द्यायची, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, आणि ती जवळच्या केंद्रात घेतली तरी चालतील. जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगर. जिंतूरहून मंठा, जालना करत पोचायला साडेचार तास. मुंबईच्या मानाने जवळच, त्याबद्दल तक्रार नाही.

किरणांच्या हॉलमध्ये कोणी या उपचाराला लाईट म्हणतं, कोणी शेक. आत्या शेक म्हणायची. पहिल्या दिवशी गरम पाण्यातून काढलेली प्लॅस्टिकची जाळी तिच्या तोंडावर बसवली, थंड झाल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा तयार. रोज त्याच साच्यात डोकं अडकवून टेबलावर निजायचं, हलायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. जाळी भिंतीवरच्या खुंटीला, वर नाव लिहिलेलं. तिथं तशा पंचवीस-तीस जाळ्या टांगलेल्या असायच्या. आत्या त्यांच्याकडे बघून म्हणाली होती, समदे आपापली तोंडं इथं ठिवून गावाला गेल्यात जणू.

या दहा मिनिटांसाठी आम्ही काय करत होतो ते सांगतो. सोमवारी पहाटे गावातून रिक्षा, तालुक्याला पहिली एसटी, दुपारपर्यंत संभाजीनगर, शेवटच्या बॅचला नंबर. शुक्रवारी शेक संपला की परत. मधल्या चार रात्री एका ओळखीच्यांच्या खोलीवर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी भाडं घेतलं नाही, देव त्यांचं भलं करो. तिथून रुग्णालयापर्यंत रोज शेअर रिक्षा. शनिवार-रविवार तिथंच का राहिलो नाही, असं आपल्याला वाटेल. शनिवार-रविवार मी दुकान उघडलं नसतं तर पुढच्या सोमवारचं तिकीट कुठून आलं असतं?

हिशेब ठेवायची मला सवय आहे, धंदाच तसा. एसटीत माझं पूर्ण तिकीट आणि आत्याचं अर्धं, मिळून एका बाजूचे साडेचारशे रुपये. सहा आठवडे म्हणजे सहा वेळा जाणं-येणं व्हायला हवं होतं, झालं सात वेळा, का ते पुढे सांगतो. त्याचे ६,३०० रुपये. शेअर रिक्षाचे दोघांचे जाऊन-येऊन ८०, तीस दिवसांचे २,४००. गाव ते तालुका रिक्षा खेपेला १५०, कारण पहाटे आणि रात्री शेअरची मिळत नाही आणि तोंडाला फडकं बांधलेल्या म्हातारीला जीपच्या मागं उभं करता येत नाही, त्याचे २,१००. एकूण १०,८००. मुंबईच्या खेपा यात धरलेल्या नाहीत. पेजेसाठी घेतलेलं दूध नाही, बंद दुकान तर नाहीच.

आत्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात. गावात याला पगार म्हणतात. म्हणजे तिचे सात महिन्यांचे पगार आणि वर तीनशे रुपये रस्त्यात गेले. माझ्या हिशेबात ही रक्कम बसून गेली, तिच्या हिशेबात बसत नव्हती. ती प्रत्येक तिकीट मागून घ्यायची आणि कमरेच्या पिशवीत घडी करून ठेवायची. मला वाटलं, सवय असेल. चौथ्या आठवड्यात कळलं की ती बेरीज करत होती.

त्या रविवारी रात्री मी फोन केला, पहाटे रिक्षा येईल, तयार राहा. म्हणाली, नको येऊ, मला बरं वाटतंय, फोड बी गेला, आता एवढ्यावर भागंल. तिला बरं वाटत नव्हतं. तोंड आतून सोललेलं, मानेची कातडी काळी पडलेली, पाणीसुद्धा चमच्याने. पण आवाज इतका ठणठणीत की मी फसलो. खरं सांगायचं तर मला फसायचंच होतं. दुकानात दहावीच्या फॉर्मची गर्दी होती. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी दुपारी रुग्णालयातून त्या मशीनवरच्या मुलाचा फोन आला, आजी का आल्या नाहीत? बुधवारी मी तिला जवळजवळ उचलून नेलं.

डॉक्टर रागावले नाहीत. समजावून सांगितलं. किरणांचा एकेक हप्ता रोगाच्या पेशी मारतो आणि हप्त्यांमधला वेळ ठरवून दिलेला असतो. खंड पडला की उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास घटते, असा अंदाज आहे. राहिलेले दोन हप्ते सातव्या आठवड्यात घ्यावे लागले. त्यामुळे खेपा सहाच्या सात झाल्या. आत्याने उरलेलं भाडं वाचवायला बघितलं आणि एका आठवड्याचं भाडं वाढलं. परत येताना मंठ्याच्या पुढे कधीतरी ती म्हणाली, पोरा, तुझं दुकान बुडालं माझ्यापायी. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं, खरंच बुडालं होतं.

मंत्रिमहोदय, आपल्याकडे उपचार अर्धवट सोडणाऱ्यांची आकडेवारी येत असेल. त्यात कारणाच्या रकान्यात ‘रुग्ण आला नाही’ एवढंच असतं. मला त्या हॉलमध्ये सात आठवड्यांत जे दिसलं ते असं की तरुण रुग्ण भीतीने गळतो, म्हातारा हिशेबाने गळतो. एक आजोबा लोणारकडचे होते, ते सोमवारी येऊन शुक्रवारपर्यंत रुग्णालयाच्या व्हरांड्यातच राहायचे, एकटे, कारण सोबत मुलगा आला तर त्याची मजुरी जाते आणि दुसरं तिकीट लागतं. घशाचा रोग, बोलता येत नव्हतं. नाव पुकारलं की हात वर करायचे. एखाद्या दिवशी डोळा लागला असता तर?

आता आपण म्हणाल, सवलती आहेत की. आहेत. मी त्यांचीही झेरॉक्स काढतो. रेल्वेची सवलत चांगली आहे. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सूट, सोबत्याला त्याच डब्यात पंचाहत्तर टक्के. ज्याने कोणी सोबत्याचा विचार केला त्याला माझा नमस्कार. पण ही सूट रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर मिळते आणि रुग्णालय गाठायला आधी तिकीट लागतं, म्हणून पहिली खेप सगळ्यांची पुऱ्या पैशाची. शिवाय हे तिकीट खिडकीवर जाऊन काढायचं, मोबाइलवर नाही. आणि रेल्वे नेईल स्टेशनपर्यंत. जिंतूरला स्टेशनच नाही.

एसटीत वयाच्या पायऱ्या आहेत. पासष्टला अर्धं तिकीट, पंचाहत्तरला मोफत. बायकांना २०२३ पासून वय न विचारता अर्धं. रेल्वेत ज्येष्ठांची सूट होती ती मार्च २०२० मध्ये थांबली, ती आजतागायत परत आली नाही. केंद्राचं वय वंदना कार्ड सत्तरीला मिळतं. आत्या अडुसष्टची. तिला हे सगळं मी एकदा समजावून सांगितलं, तर म्हणाली, मग त्या गाठीला सांग की बाबा, सात वरसं थांब.

एसटीत कॅन्सरच्या रुग्णाला निराळी सवलतही आहे. तिच्यासाठी कागद दाखवावा लागतो. पहिल्या दिवशी मी पिशवीतून तो काढायला लागलो तर आत्याने माझा हात धरला. गाडी भरलेली, निम्मी माणसं ओळखीची, आणि कंडक्टर वाचणार मोठ्याने. त्यापेक्षा बाई म्हणून अर्धं तिकीट बरं, त्याला कागद लागत नाही. पुढचे सात आठवडे तो कागद पिशवीत राहिला. सवलती आखताना हे कोणाच्या लक्षात येत नसावं की आमच्याकडे या रोगाचं नाव अजून दबक्या आवाजातच घेतात. ते नाव बसमध्ये घ्यायला लावणारी सवलत गावातली बाई घेत नाही.

आणि १०८? ती तातडीच्या रुग्णासाठी आहे, असावीही. शेक घ्यायला निघालेली म्हातारी तातडीची नाही. ती चालते, बोलते, खिडकीशी बसते. तिला रुग्णवाहिका नकोय, तिकीट हवंय.

प्रवासही उपचाराचाच भाग आहे, हे काही मी नवीन तत्त्व मांडतोय असं नाही. सरकारने ते कधीच मान्य केलेलं आहे. २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, त्यात बाळंतपणासाठी बाईला घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि तिथून परत घरी मोफत नेण्याची जबाबदारी सरकारने घेतली. कारण उघड होतं, मोफत बाळंतपणाचा उपयोग बाई तिथवर पोचली तरच. आदिवासी भागातल्या क्षयरुग्णालाही प्रवासासाठी ७५० रुपये मिळतात. मग कॅन्सरच्या रुग्णाच्या बाबतीत सरकार परतीच्या एका तिकिटावर का थांबलं, याचं उत्तर मला सापडलं नाही.

दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारी किती तरी कुटुंबं तिथं राहतात. ज्यांना तिथं जागा मिळत नाही ते परळच्या फुटपाथवर दिसतात, गाठोडी आणि एक्स-रेची पाकिटं उशाशी. उपचार मोफत असला तरी त्याच्या आजूबाजूचं जगणं विकत घ्यावं लागतं, हे धर्मशाळा बांधणाऱ्यांना कळत होतं. आपल्या खात्याच्या पॅकेजला ते अजून कळायचंय. जरा कडक लिहिलं, पण खोडत नाही.

आता मागणी. योजनेतल्या रुग्णाला किरणोपचार किंवा दिवसभराची केमो सुरू झाली की रुग्ण आणि एक सोबती, दोघांचं तालुक्यापासून रुग्णालयापर्यंतचं एसटीच्या साध्या गाडीचं भाडं, जितक्या खेपा तितक्या वेळा मिळावं. शहरात राहणाऱ्याला रोजच्या रिक्षासाठी काही ठरावीक रक्कम. आणि हे आधी मिळावं. नंतर बिलं जोडून परत मिळणारा पैसा आमच्या कामाचा नाही, कारण आधी घालायलाच तो नसतो.

आपले अधिकारी म्हणतील, खोटी बिलं येतील. येतील. खोटी बिलं कशी बनतात हे मला त्यांच्यापेक्षा बरं ठाऊक आहे. यातली तारीख जरा झाकून झेरॉक्स दे, असं सांगणारा महिन्याला एक तरी येतो, आणि मी देत नाही म्हणून समोरच्या दुकानात जातो. म्हणूनच म्हणतो, बिलं मागूच नका. शेक घेणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद त्या मशीनवर होते, कोणत्या दिवशी, कितवा हप्ता. त्या नोंदीवरच रुग्णालय आपल्याकडून पॅकेजचे पैसे घेतं. तीच नोंद भाड्याला पुरे. किती खेपा होणार हेही आधीच ठरलेलं असतं, डॉक्टर पहिल्याच दिवशी कागदावर तीस लिहितात. ज्या दिवशी जाळी बनते त्या दिवशी पहिल्या दोन आठवड्यांचं भाडं खात्यात टाका. कोणी पैसे घेऊन दोन वेळा तोंडाचा साचा बनवून घेणार नाही, एवढी खात्री मी देतो. योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल हॉलच्या बाहेरच असतं, नवीन माणूसही नेमायला नको.

दुसरं कोणी म्हणेल, भाडं कशाला, जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रंच काढू. काढा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर केलंय, ते झालं तर केमोवाल्यांच्या अर्ध्या खेपा वाचतील. पण किरणांचं मशीन म्हणजे काही एक्स-रेचं मशीन नव्हे. त्याला मीटर-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, किरणांचं गणित करणारा भौतिकशास्त्राचा माणूस लागतो. परभणी-हिंगोलीला ते यायचं तेव्हा येवो. तोवर गाडी धरावीच लागणार आहे.

सोबत्याची बुडालेली मजुरी मी मागत नाही. मागायला हवी, पण एका पत्रात एकच गोष्ट मागितली तर ती मिळण्याची शक्यता असते, हा दुकानातला अनुभव आहे.

आत्या आता बरी आहे. भाकरी दुधात कुस्करून खाते, मिश्रीचा डबा तिनेच उकिरड्यावर टाकला. दर दोन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, पुढची येत्या सोमवारी आहे. रविवारी रात्री मी फोन करणार नाही. शनिवारीच जाऊन मुक्काम करणार आहे, फोनवर तिच्या आवाजाचा भरवसा मला राहिलेला नाही.

पत्राला पुरावा जोडतोय. एसटीच्या मशीनच्या तिकिटावरची शाई पाच-सहा महिन्यांत उडते, कागद कोरा होतो. मला धंद्यामुळे ते माहीत होतं, म्हणून मी दर शनिवारी आत्याच्या पिशवीतली तिकिटं मागून घेऊन काचेवर मांडायचो आणि तिची तिला परत द्यायचो. त्या झेरॉक्सची सात पानं सोबत आहेत, दोघांची मिळून अठ्ठावीस तिकिटं. मूळ तिकिटं आत्याकडे आहेत. परवा तिने पिशवी उघडली तर निम्म्यांवर काही वाचता येत नव्हतं. तरी ती द्यायला तयार नाही.

आपला,
जिंतूर तालुक्यातला एक झेरॉक्सवाला